आयत नाही, वर्तुळही नाही: वेगळ्या आकाराच्या वेव्हगाईडची कटऑफ तरंगलांबी कशी काढावी?

सूक्ष्मतरंगी (धागाकर्ता)

आयताकार वेव्हगाईडची, म्हणजे सूक्ष्मतरंग वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीची, कटऑफ तरंगलांबी (जिच्याहून लांब तरंग नळीतून वाहत नाही ती) आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते: रुंद बाजूच्या दुप्पट. वर्तुळाकार नळीत सर्वांत खालच्या मोडसाठी (मोड म्हणजे नळीतील क्षेत्राची एक मांडणी), म्हणजे टीई-११ साठी, ती त्रिज्येच्या ३.४१३ पट असते. या दोन आकारांच्या पलीकडे पाऊल टाकले की पाठ्यपुस्तके एकदम मितभाषी होतात, आणि मी नेमका तिथेच अडलो आहे.

प्रयोगासाठी मी बाजारातून ॲल्युमिनियमची एक आयताकार नळी आणली. तिचे आतले माप २३ मिमी × १० मिमी आहे. सूत्राप्रमाणे कटऑफ तरंगलांबी ४६ मिमी, म्हणजेच कटऑफ वारंवारता ६.५२ गिगाहर्ट्झ यायला हवी होती. संकेत किती पलीकडे जातो हे मोजणाऱ्या नेटवर्क ॲनालायझरवर मात्र ६.७ च्या खाली जवळजवळ काहीच पलीकडे पोहोचत नाही. नळी कापून पाहिल्यावर आतले चारही कोपरे सुमारे ३ मिमी त्रिज्येने गोलावलेले दिसले. एवढ्याशा गोलाईने इतका फरक पडू शकतो का, आणि पडत असेल तर तो कागदावर कसा मोजावा, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक व्यापक आहे. लंबवर्तुळ, मध्ये रिज (भिंतीपासून आत आलेला लांबट उंचवटा) असलेली नळी, इंग्रजी एल अक्षरासारखा छेद, किंवा आत पाते बसवलेला गोल पाईप, असा कोणताही आकार समोर आला तर कटऑफचा विश्वासार्ह अंदाज कोणत्या वाटेने काढावा? संगणकीय आज्ञावली आकडा देते हे मला ठाऊक आहे, परंतु तो आकडा बरोबर आहे हे ओळखण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

माझी आतापर्यंतची समजूत लिहितो, चुकत असेल तर दुरुस्त करावी. कटऑफवर तरंग नळीच्या लांबीच्या दिशेने पुढे सरकत नाही, तो छेदाच्या प्रतलातच मागेपुढे आदळत राहतो. त्यामुळे सगळा प्रश्न द्विमितीय होतो. टीएम मोडसाठी (ज्यात लांबीच्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र नसते) तो कडा घट्ट बांधलेल्या डफाच्या पडद्यासारखा असतो, कारण लांबीच्या दिशेचे विद्युत क्षेत्र भिंतीवर शून्य असावे लागते. टीई मोडसाठी (ज्यात लांबीच्या दिशेचे विद्युत क्षेत्र नसते) मला पाण्याची उपमा जास्त पटते. त्याच आकाराच्या, सपाट तळाच्या उथळ टाकीत पाणी हिंदकळते तेव्हा पाण्याच्या पातळीतील चढउतार आणि नळीतील लांबीच्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र एकाच समीकरणाने बांधलेले असतात, कारण भिंतीतून पाणी आरपार जात नाही आणि तीच सीमेवरची अट इथेही लागू होते. आयताकार टाकीत पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे डुलते, तोच टीई-१०.

जुना_मापक

आपली उपमा योग्य आहे, आणि तिच्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. टाकीत पाण्याची पातळी सर्वांत जास्त चढते ती दोन्ही टोकांना. तेथील कोपरे भरून टाकले तर टाकी जणू थोडी आखूड होते आणि पाणी लवकर मागे फिरते. वेव्हगाईडच्या भाषेत सांगायचे तर स्लेटर यांचा विक्षोभाचा, म्हणजे आकारातील लहान बदलाचा, नियम वापरावा: भिंत आत सरकवलेल्या जागी चुंबकीय ऊर्जा अधिक असेल तर वारंवारता वाढते, आणि विद्युत ऊर्जा अधिक असेल तर ती घटते. टीई-१० च्या कोपऱ्यांत कटऑफवर केवळ चुंबकीय ऊर्जा असते, म्हणून गोलाईने वारंवारता वाढणारच.

आता आकडे घालू. एका कोपऱ्यातून गेलेले क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या ०.२१४६ पट असते, कारण चौरसातून पाव वर्तुळ वजा केले की एवढेच उरते. ३ मिमी त्रिज्येसाठी चार कोपऱ्यांचे मिळून ते ७.७३ चौ. मिमी भरते. टीई-१० साठी कटऑफ वारंवारतेतील सापेक्ष वाढ ही गेलेल्या क्षेत्रफळाला पूर्ण छेदाच्या क्षेत्रफळाने भागून मिळते. ७.७३ भागिले २३० म्हणजे ३.४ टक्के. यानुसार कटऑफ ६.७३ गिगाहर्ट्झच्या आसपास येते आणि तरंगलांबी ४६ ऐवजी ४४.५ मिमी होते. आपल्या यंत्राने खोटे सांगितलेले नाही.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. कटऑफ हा कडा नसून उतार असतो, आणि आखूड नळीत तर कटऑफखालचाही बराच संकेत झिरपून पलीकडे जातो. त्यामुळे आलेखावर बोट ठेवून कटऑफ वाचू नये. त्याच नळीचे लांबीत १५ मिमीचा फरक असलेले दोन तुकडे घ्यावेत, दोन्हींची पारेषण-कला (फेज) मोजावी आणि वजाबाकी करावी, म्हणजे जोडण्यांमुळे येणारी चूक आपोआप निघून जाते. १५ मिमीच्या फरकाला १० गिगाहर्ट्झवर कलेचा फरक १८० अंशांच्या आत राहतो, म्हणून किती पूर्ण फेऱ्या झाल्या हा संभ्रमही उरत नाही. कलेचा फरक लांबीने भागला की कला-स्थिरांक मिळतो. आडव्या अक्षावर त्याचा वर्ग आणि उभ्या अक्षावर वारंवारतेचा वर्ग मांडला की सरळ रेषा येते, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो कटऑफ वारंवारतेचा वर्ग.

सूक्ष्मतरंगी

मनापासून आभार. दोन तुकडे कापून आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. ८ ते ११ गिगाहर्ट्झच्या दरम्यानचे बिंदू एका रेषेवर सुरेख बसले आणि छेदबिंदूवरून कटऑफ ६.७२ गिगाहर्ट्झ आली. एवढ्या छोट्या हिशेबाने एवढे जुळावे याचा फार आनंद झाला.

गणिती_पाहुणा

विक्षोभाची रीत ओळखीच्या आकाराजवळच चालते. मूळ आकारच अनोळखी असेल तर रॅली यांचे गुणोत्तर हाताशी ठेवावे. छेदावर एखादे अंदाजी फल (फंक्शन) घ्यावे, त्याच्या उताराच्या वर्गाची छेदावरील सरासरी काढावी, आणि तिला त्या फलाच्याच वर्गाच्या सरासरीने भागावे. भागाकार हा कटऑफ तरंगसंख्येच्या वर्गाचा अंदाज असतो, आणि २π भागिले तरंगसंख्या म्हणजे तरंगलांबी. या रीतीचा खरा गुण असा की सर्वांत खालच्या मोडसाठी ती तरंगसंख्या कधीही कमी सांगत नाही, म्हणजेच तरंगलांबी कधीही जास्त सांगत नाही. चूक कोणत्या बाजूला आहे हे आधीच ठाऊक असते.

टीएमसाठी फल भिंतीवर शून्य असले पाहिजे. टीईसाठी भिंतीवरची अट पाळण्याची सक्ती नाही, फक्त फलाची छेदावरील सरासरी शून्य हवी. हे दुसरे फार सोयीचे आहे. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळासाठी सर्वांत भोळे फल घ्या, केंद्रापासूनचे आडवे अंतर, म्हणजे नुसते क्ष. उतार सगळीकडे १, क्षच्या वर्गाची सरासरी पाव, म्हणून तरंगसंख्येचा वर्ग ४ आणि तरंगसंख्या २. खरे मूल्य १.८४१२ आहे, म्हणजे चूक सुमारे ९ टक्के. आता या फलाला १ वजा केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाचा तिसरा भाग, एवढ्याने गुणा. भागाकार ३.३९४ येतो आणि तरंगसंख्या १.८४२३. चूक एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी झाली, आणि वर्तुळाच्या नेमक्या उत्तरासाठी लागणाऱ्या बेसेल फलांचे नावही घ्यावे लागले नाही.

लंबवर्तुळासाठी १९३८ साली एल. जे. चू यांनी मॅथ्यू फलांच्या साहाय्याने पूर्ण उत्तर दिले आहे. पण तेच भोळे क्ष मोठ्या अक्षाच्या दिशेने घेऊन पाहा: तरंगसंख्या पुन्हा २ भागिले अर्ध-दीर्घाक्ष येते, आणि तीत लहान अक्षाचा मागमूसही नसतो. मी क्ष आणि क्षचा घन अशा दोन पदांनी अगदी चपट्या लंबवर्तुळाची मर्यादा काढली, तेव्हा २ च्या जागी १.८८७ आले. म्हणजे वर्तुळापासून पट्टीसारख्या चपट्या आकारापर्यंत कटऑफ तरंगलांबी अर्ध-दीर्घाक्षाच्या ३.४१ पटींवरून जेमतेम ३.३३ पटींवर येते. मोठा अक्ष तेवढाच ठेवून नळी कितीही चपटी केली तरी मुख्य मोडची कटऑफ जवळजवळ जागची हलत नाही. त्याला काटकोनात असलेला जोडीदार मोड मात्र लहान अक्षाबरोबर झपाट्याने वर सरकतो. दूरसंचाराच्या मनोऱ्यांवर चढवलेल्या लवचिक लंबवर्तुळाकार नळ्या वाकवूनही चालतात आणि त्यांतील ध्रुवीकरणाची दिशा टिकून राहते, यामागे हेच आहे.

आता माझ्या दृष्टीने या धाग्यातील सर्वांत उपयुक्त गोष्ट सांगतो. सेगो यांनी १९५४ मध्ये आणि वाइनबर्गर यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की समान क्षेत्रफळाच्या सर्व आकारांत टीईची पहिली तरंगसंख्या वर्तुळात सर्वांत मोठी असते. म्हणून कोणत्याही पोकळ नळीच्या मुख्य टीई मोडची तरंगलांबी छेदाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या १.९२५ पटींपेक्षा कमी असूच शकत नाही. पाण्याचेच उदाहरण घ्या: परातीतले पाणी लवकर हिंदकळते आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या लांबट डोणीतले सावकाश. दुसऱ्या बाजूची मर्यादा पेन आणि वाइनबर्गर यांनी १९६० मध्ये दिली. छेद बहिर्वक्र असेल, म्हणजे त्यात कुठेही आत आलेला कोपरा नसेल, तर ही तरंगलांबी छेदातील सर्वांत लांब अंतराच्या दुपटीहून अधिक होत नाही. टीएमसाठी फेबर आणि क्रान यांचा निष्कर्ष उलट दिशेचा आहे: तेथे तरंगलांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या १.४७४ पटींहून मोठी होऊ शकत नाही. कोणतेही उत्तर आधी या कुंपणात बसते का ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

प्रश्नचिन्ह

मी पदव्युत्तर वर्गात शिकते. रिज असलेल्या वेव्हगाईडची कटऑफ तरंगलांबी त्याच बाहेरील मापाच्या आयताच्या तुलनेत पुष्कळच मोठी असते असे आम्हाला सांगितले आहे. मग ती दुपटीची मर्यादा तिथे मोडत नाही का?

जुना_मापक

मोडते, आणि ती मोडण्यासाठीच रिज घालतात. रिजचे कोपरे आत आलेले असतात, म्हणून छेद बहिर्वक्र राहत नाही आणि पेन-वाइनबर्गर यांची अट तिथे लागूच होत नाही. स्लेटरच्या नियमाने पाहिले तर टीई-१० चे विद्युत क्षेत्र मध्यभागी सर्वाधिक असते. तेथेच भिंत आत आणली की वारंवारता उतरते.

हिशेब आडव्या अनुनादाच्या रीतीने करावा. एस. बी. कोन यांनी १९४७ मध्ये रिज वेव्हगाईडचे गुणधर्म याच रीतीने मांडले. छेदाकडे आडव्या दिशेने पाहिले की तो निरनिराळ्या उंचीच्या समांतर पट्ट्यांची एक पारेषण-रेषा दिसतो. उदाहरण म्हणून दोन्ही बाजूंनी रिज असलेली नळी घेऊ: रुंदी २४ मिमी, उंची ८ मिमी, रिजची रुंदी ८ मिमी, दोन रिजमधील फट २ मिमी. मध्यापासून रिजच्या कडेपर्यंत ४ मिमी, तिथून बाजूच्या भिंतीपर्यंत ८ मिमी. मुख्य मोडसाठी मध्यभाग खुल्या टोकासारखा आणि बाजूची भिंत लघुपथासारखी (शॉर्ट सर्किटसारखी) वागते, म्हणून अट अशी मिळते: ८क चा कॉट = ४ गुणिले ४क चा टॅन. येथे क ही तरंगसंख्या आहे आणि ४ हे उंची व फट यांचे गुणोत्तर आहे. ही मापे मी मुद्दाम निवडली, कारण दुप्पट कोनाचे सूत्र वापरल्यावर ४क चा टॅन नेमका एक तृतीयांश येतो. क = ०.०८०४ प्रति मिमी, आणि तरंगलांबी ७८.१ मिमी. रिज नसती तर ती ४८ मिमी असती.

यात एक गोष्ट राहिली आहे. उंची एकदम बदलते त्या पायरीपाशी विद्युत रेषा वाकतात आणि तिथे जास्तीची धारिता तयार होते. विनेरी आणि जेमिसन यांनी १९४४ मध्ये तिची मांडणी केली. छेद आडव्या मध्यरेषेवर दुभागून अर्ध्या भागाचा विचार केला, तर १ : ४ उंचीच्या पायरीसाठी ही धारिता लांबीच्या दर मीटरला निर्वाताच्या विद्युतशीलतेच्या ०.६५ पट येते. ती समीकरणात मिळवल्यावर क ०.०७५७ होतो आणि तरंगलांबी ८३ मिमी. म्हणजे पायरी विसरल्यास सुमारे ६ टक्के चूक होते, आणि फट जितकी अरुंद करावी तितके हे प्रकरण नाजूक होत जाते.

पुढच्या मोडसाठी, म्हणजे टीई-२० साठी, मध्यभाग लघुपथ धरावा लागतो. पायरीची धारिता धरून त्याची तरंगलांबी २१.५ मिमी येते. साध्या आयतात या दोन मोडच्या तरंगलांब्यांचे गुणोत्तर २ असते, इथे ते ३.८६ झाले. रुंद पट्ट्यावर काम करणाऱ्यांना रिज प्रिय का असते ते या एका आकड्यात कळते. ऱ्हास वाढतो आणि शक्ती पेलण्याची क्षमता घटते, ही त्याची किंमत आहे.

जाळीकार

मी मर्यादित घटक पद्धतीने, म्हणजे छेदाचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून संगणकावर, काम करतो, म्हणून त्या बाजूचे अनुभव लिहितो.

कटऑफपुरताच प्रश्न असेल आणि नळीत एकच माध्यम असेल, तर सदिश क्षेत्राची उठाठेव करू नये. लांबीच्या दिशेच्या एका घटकाचे अदिश समीकरण पुरेसे आहे आणि त्यात खोटे मोड येत नाहीत. टीईच्या यादीत पहिले आयगेनमूल्य (म्हणजे तरंगसंख्येचा वर्ग) शून्य येते, कारण स्थिर फल सर्व अटी पाळते. ते मोड नव्हे, ते सोडून द्यावे. वक्र भिंतीवर चौकोनी जाळी वापरू नये. भिंतीच्या जागी जिना तयार होतो आणि छेदाचे क्षेत्रफळच चुकते. त्रिकोणी घटक घ्यावेत.

खरी कसोटी आत आलेल्या कोपऱ्याची. २७० अंशांच्या कोपऱ्यापाशी फल अंतराच्या दोन-तृतीयांश घाताने बदलते, त्यामुळे उतार तिथे अनंताकडे जातो. गुळगुळीत छेदात साध्या त्रिकोणी घटकांचा आकार निम्मा केला की आयगेनमूल्यातील चूक चौपटीने घटते. असा कोपरा असेल तर केवळ अडीच पटीने. म्हणून कोपऱ्याजवळ जाळी बारीक करावी, निदान लागोपाठच्या तीन जाळ्यांची उत्तरे तरी ताडून पाहावीत.

स्वतःची आज्ञावली तपासण्यासाठी एल आकाराचा छेद उत्तम आहे. एकसारखे तीन चौरस जोडून तो बनवावा आणि एका चौरसाची बाजू १ धरावी. टीएमचे पहिले आयगेनमूल्य ९.६३९७२ आहे, फॉक्स, हेन्रिची आणि मोलर यांनी १९६७ मध्येच ते अनेक दशांश स्थळांपर्यंत काढले होते. टीईचे पहिले शून्येतर मूल्य १.४७५६२ आहे. तरंगलांबीच्या भाषेत हे अनुक्रमे बाजूच्या २.०२४ आणि ५.१७२ पट होते. टीईच्या यादीत पुढे π चा वर्ग दोनदा आलाच पाहिजे. ती दोन मूल्ये कोपऱ्याच्या त्रासापासून मुक्त असतात, म्हणून तीही चुकत असतील तर दोष आज्ञावलीतच शोधावा.

प्रश्नचिन्ह

एक शंका राहते. तयार सॉफ्टवेअर हे सगळे काही सेकंदांत करते. तरीही हाताने कुंपण घालण्याची गरज प्रत्यक्षात कधी भासते का?

जाळीकार

मला भासली आहे. वेळ वाचवण्यासाठी एका रिज नळीचा मी पाव भागच सोडवला आणि उभ्या सममिती-रेषेवर चुंबकीय भिंतीऐवजी विद्युत भिंत दिली. आज्ञावलीने कोणतीही तक्रार न करता नीटनेटका आकडा दिला आणि मी तो पुढे पाठवला. तो टीई-२० चा होता. मुख्य मोड त्या अटीमुळे यादीतून पूर्ण वगळला गेला होता. चूक लक्षात येईपर्यंत दोन आठवडे वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

वर दिलेल्या उदाहरणावर गणिती_पाहुणा यांचे कुंपण लावून पाहा. छेदाचे क्षेत्रफळ २४ × ८ मधून रिजचे ४८ वजा करून १४४ चौ. मिमी, त्याचे वर्गमूळ १२, गुणिले १.९२५ म्हणजे २३.१ मिमी. मुख्य मोडची तरंगलांबी याहून कमी असणे अशक्य आहे. २१.५ हा आकडा दिसताच तो मुख्य मोडचा नाही हे एका ओळीत सिद्ध झाले असते.

सूक्ष्मतरंगी

हे वाचून माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता शेवटचा आकार: गोल पाईप आणि त्यात भिंतीपासून केंद्रापर्यंत एकच पातळ पाते. मी असा हिशेब केला. त्रिकोणी फोडीसारख्या छेदात बेसेल फलाचा क्रम हा π भागिले फोडीचा कोन, या राशीच्या पटीत असतो. पात्यामुळे फोडीचा कोन पूर्ण ३६० अंश झाला, म्हणून सर्वांत लहान क्रम अर्धा. अर्ध्या क्रमाचे बेसेल फल साइनमधूनच लिहिता येते आणि भिंतीवरची अट 'टॅन य = २य' एवढी सोपी होते. य = १.१६५६, म्हणून तरंगलांबी त्रिज्येच्या ५.३९ पट. माझ्याकडच्या २० मिमी त्रिज्येच्या पाईपमध्ये ती ६८.३ वरून १०७.८ मिमीवर जाते, आणि वारंवारता ४.३९ वरून २.७८ गिगाहर्ट्झवर उतरते. क्षेत्रफळाचे कुंपण ६८.३ मिमीचेच आहे, तेव्हा त्या बाजूने अडचण नाही. पाते पितळी पट्टीचे असून तूर्त ते दोन ठिकाणी टाके देऊन बसवले आहे.

गणिती_पाहुणा

हिशेब बरोबर आहे. परातीच्या कडेपासून मध्यापर्यंत एक आडोसा घातला की पाण्याला त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यासाठी पूर्ण वळसा घ्यावा लागतो, म्हणून ते इतके संथ हिंदकळते. लक्षात घ्या की पात्याच्या मोकळ्या कडेपाशी विद्युत क्षेत्र फार तीव्र होते. त्यामुळे पात्याची जाडी आणि त्याची टोकाची जागा या दोन्हींना उत्तर संवेदनशील राहील.

जुना_मापक

मोजण्यापूर्वी पाते पाईपच्या भिंतीला संपूर्ण लांबीभर अखंड झाळून घ्यावे. दोन टाके पुरणार नाहीत. या मोडमध्ये लांबीच्या दिशेचे चुंबकीय क्षेत्र पात्याच्या मुळाशी सर्वाधिक असते, आणि तेही पात्याच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशांचे. त्यामुळे प्रवाह भिंतीवरून पात्यावर चढताना नेमका तोच सांधा ओलांडतो. आडोशाच्या बुडाशी फट राहिली तर पाणी वळसा न घेता तिथूनच निघून जाईल, आणि आपल्याला २.७८ च्या जागी त्याहून बरीच वरची वारंवारता दिसेल. सांधा पक्का झाल्यावर पूर्वीप्रमाणेच दोन लांबींचे तुकडे घ्यावेत. ४.३९ गिगाहर्ट्झपासून वर टीई-११ चा पात्याला काटकोनात विद्युत क्षेत्र असलेला, म्हणजे पात्यामुळे न बदलणारा प्रकारही वाहू लागतो का ते तपासत बसण्यापेक्षा मोजणी ३ ते ४ गिगाहर्ट्झच्या दरम्यानच ठेवावी, म्हणजे त्या पट्ट्यात एकच मोड राहील.